'विठ्ठला, तू वेडा कुंभार' मधला 'वेडा' म्हणजे नक्की काय? (आणि उतरंड, ताडिसी, जोडिसी)

प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला राहतो, मुलगी गुजराती-इंग्रजीत शिकते, पण घरी मराठीच बोलायचं असं ठरवलंय आणि दर रविवारी एक जुनं गाणं लावून त्यातले शब्द तिला समजावून सांगायचे असा आमचा क्रम आहे. परवा गदिमांचं 'विठ्ठला, तू वेडा कुंभार' लावलं आणि पहिल्याच ओळीला ती म्हणाली बाबा, देवाला वेडा कसं म्हणायचं, शाळेत कुणाला वेडा म्हटलं तर शिक्षा होते. मी म्हटलं अगं प्रेमाने म्हटलंय. ती म्हणाली मग पुढे तो मडकी का फोडतो? इथे मी अडकलो.

नंतर नीट ऐकलं तर लक्षात आलं की मी हे गाणं तीस-पस्तीस वर्षं गुणगुणतोय पण अर्धे शब्द अंदाजानेच. माझ्या शंका अशा: १) 'वेडा' लाडाने की रागाने? २) 'उतरंड' मला फक्त 'जातीची उतरंड' या शब्दप्रयोगातून माहीत आहे, इथे ते कसं बसतं? ३) 'ताडिसी' म्हणजे ताडणे, ओळखणे असंच ना? पारखून बघतोस असा अर्थ मी लावत होतो. ४) 'काय जोडिसी', फोडलेलं मडकं परत जोडतोस असं काही आहे का? आणि 'आभाळच मग ये आकारा' ही ओळ तर सुंदर वाटते पण मडक्यात आभाळ कुठून आलं ते कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दादा, मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय, तिला 'प्रेमाने म्हटलंय' एवढं सांगून गप्प करू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती शब्दांच्या अर्थाला लागते. गाणं १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटातलं, संगीत सुधीर फडक्यांचं आणि आवाजही त्यांचाच. चित्रपटातलं घर कुंभाराचं आहे. म्हणजे कुंभार ही नुसती उपमा म्हणून वरून आणलेली नाही, ज्याच्या अंगणात चाक फिरतंय त्याच्या जगातूनच देवाकडे बघितलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आपण या गाण्याचा अर्थ सांगताना लगेच जीव-शिव, कर्म, माया यावर उडी मारतो आणि अंगणातला चिखल विसरतो. यातला एकेक शब्द आधी कुंभाराच्या घरात खरा आहे, मग वेदांतात. त्या क्रमाने गेलं की सगळं सुटतं.

तुमच्या आभाळापासूनच सुरू करते. त्याच्या आधीची ओळ बघा, 'माती पाणी उजेड वारा'. कुंभाराला काय लागतं? माती लागते, ती कालवायला पाणी, वाळवायला ऊन आणि वारा. झालं, साधी गोष्ट. आता बोटं मोजा: पृथ्वी, आप, तेज, वायू. पंचमहाभूतांतली चार झाली, पाचवं कुठंय? ते पुढे येतं, 'आभाळच मग ये आकारा'. आकाश! पाचवं तत्त्व यादीत कोंबलं नाही, चार एकत्र झाल्यावर पाचव्याला आकार आला असं म्हटलं. आणि हे मडक्याच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे, कुंभार घडवतो ती भिंत, पण आपण वापरतो ती आतली पोकळी, म्हणजे मातीने वेढलेलं एवढंसं आभाळ. वेदांतात याला घटाकाश म्हणतात, घट फुटला की आतलं आकाश बाहेरच्या आकाशाला मिळतं, मुळात ते वेगळं नव्हतंच. एवढा जड विचार आणि वापरलेले शब्द बघा, तेज नाही तर उजेड, वायू नाही तर वारा. एकही शब्द असा नाही जो कुंभारणीला समजणार नाही. मी शाळेत मराठी शिकवत असताना ही ओळ फळ्यावर लिहून पोरांना पाचवं तत्त्व शोधायला लावायचे, कुणाला ना कुणाला ते सापडायचंच आणि मग वर्गात जो गलका व्हायचा तो अजून आठवतो.

त्याच कडव्यातला 'पसारा' सुद्धा सोडू नका. आपल्या तोंडी पसारा म्हणजे घरभर पडलेल्या वस्तू, 'केवढा पसारा घातलायस' वगैरे. पण संस्कृतातल्या प्रपंच शब्दाचा मूळ अर्थच विस्तार, पसरणं, म्हणजे शुद्ध मराठीत पसारा. नंतर तो मराठीत संसार, घरदार या अर्थाने रुळला. चित्रपटाचं नाव प्रपंच, आणि गाण्यात 'तूच मिसळसी सर्व पसारा'. हे मुद्दाम केलं की सहज झालं ते गदिमाच जाणोत, पण ज्याची जीभ लहानपणापासून कीर्तन-ओव्यांवर घडली आहे त्याला हे दोन शब्द एकमेकांना चिकटलेलेच दिसत असणार.

उतरंड. दादा, 'जातीची उतरंड' हा नंतरचा लाक्षणिक वापर. मूळ उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, खाली सगळ्यात मोठं, वर लहान होत होत शेवटी बोळकं. माझ्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात होती, आजी कुठल्या मडक्यात मीठ, कुठल्यात तूरडाळ, कुठल्यात बियाणं ते न बघता सांगायची आणि पैसेही त्यातच कुठेतरी असायचे. खालच्यातलं काही काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागायची. लग्नात गौरीहराच्या चारी कोपऱ्यांना रंगवलेल्या उतरंडी ठेवतात त्या मुलीला दाखवा, पटकन समजेल. आता विचार करा, घरातल्या उतरंडीला टोक असतं, वरच्या बोळक्यापाशी ती संपते. गदिमा म्हणतात याच्या उतरंडीला 'नसे अंत ना पार'. म्हणजे पिढ्यांवर पिढ्या, जिवांवर जीव, वर नजर जाईल तिथपर्यंत मडकीच.

बाकी शब्दांवर रात्री लिहिते, पाहुणे आलेत.

उपप्रतिसाद

ताई, पाचवं तत्त्व वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं ऐकतोय आणि कधी मोजलीच नाहीत. मुलीला लगेच सांगितलं, ती आता घरातल्या प्रत्येक डब्याकडे बोट दाखवून यात आभाळ आहे म्हणतेय. राहिलेल्या शब्दांची वाट बघतो. पण एक विचारू का, गदिमांनी मडकी न म्हणता 'घट' का म्हटलं असेल? बाकी सगळे शब्द साधे घेतलेत मग हाच का संस्कृत?

प्रतिसाद

मी सांगू का, आमचं घर कुंभाराचंच, वडिलांपर्यंत चाक फिरत होतं, मी आता नोकरीत आहे. घट शब्द आमच्याकडे परका नाही हो. नवरात्रात घट बसतात ते आमच्याच घरून जायचे. संक्रांतीची सुगडी तर सगळ्यांनाच माहीत, तो शब्दही सुघट वरूनच आलाय. रोजच्या बोलण्यात मात्र मडकं, गाडगं, डेरा, माठ, परळ, ज्याचं त्याचं वेगळं नाव, आकारावरून आणि कामावरून. पूजेला लागलं की त्याच मडक्याचा घट होतो, तशी ती बढतीच. आणि भजनात घट म्हणजे देह हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं तरी. म्हणून मला वाटतं मडकी म्हटलं असतं तर फक्त मडकीच दिसली असती, घट म्हटल्यावर मडकं आणि माणूस दोन्ही दिसतात.

'ताडिसी'बद्दल मला एक सांगायचंय. चाकावरून काढलेलं मडकं तयार नसतं. चाकावर नुसतं तोंड आणि गळा नीट होतो, बूड जाड आणि उघडंच राहतं, दोऱ्याने कापून ते उतरवायचं, जरा सुकू द्यायचं आणि मग खरं काम. एका हाताने आतून दगडी गोळा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत अंग पातळ करत फुगवत न्यायचं. आतला हात नसेल तर एका फटक्यात मडकं बसतं. लोकांना वाटतं कुंभार म्हणजे चाक, पण आमच्या घरात दिवसभर आवाज यायचा तो थापटण्याचा. 'कुरवाळिसी तू, तूच ताडिसी' ऐकलं की मला वडिलांचे ते दोन हात दिसतात, एक आत एक बाहेर. आणि आव्यातून भाजून निघालं की परत टिचकी मारून बघायचं. पक्कं असेल तर खणखणीत वाजतं, तडा गेला असेल तर बद्द वाजतं, बद्द वाजलं की बाजूला, ते विकायचं नाही.

प्रतिसाद

दादा, तुमचा वरचा प्रतिसाद वाचून मी माझं लिहिलेलं अर्धं पुसलं, कारण थापटण्याचं तुम्ही सांगितलंत ते पुस्तकात बसून मला सुचलं नसतं. त्याच धाग्याने पुढे जाते.

बडोद्याचे दादा, ताडणे या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक जो आज जास्त चालतो, अंदाजाने ओळखणे, 'मी लगेच ताडलं याच्या मनात काय आहे ते'. दुसरा जुना, संस्कृत ताडन वरून आलेला, मारणे, ठोकणे. इथे तो दुसरा आहे कारण ओळीची बांधणीच जोड्यांची आहे, घडविसी-फोडिसी, कुरवाळिसी-ताडिसी, एक हात मायेचा एक माराचा. ओळखणे असा अर्थ घेतला तर जोडी मोडते. पण तुमचा अंदाज अगदीच वाया नाही जात, कारण वरच्या दादांनी सांगितलं तसं कुंभार ठोकतो ते घडवायलाही आणि पारखायलाही. गोरोबाकाकांची गोष्ट आठवा, तेरचे गोरा कुंभार, संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई विचारते यातली पक्की मडकी कुठली आणि कच्ची कुठली, आणि काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. बाकीचे शांत बसतात, नामदेव तेवढे कळवळून उठतात, मग हे मडकं कच्चं असं ठरतं आणि नामदेव पुढे गुरूच्या शोधात औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. त्या गोष्टीत एकच थापटणं मारतंही आणि ओळखतंही. वारकरी कान असलेल्या माणसाला 'ताडिसी' ऐकताना ती गोष्ट आठवणारच.

आतला हात आणि बाहेरचा फटका यावर कबीराच्या नावाने प्रसिद्ध असलेला दोहाही आहे, गुरु कुम्हार शिष कुंभ है. गुरू कुंभार, शिष्य घडा, आतून हाताचा आधार आणि बाहेरून चोट. चित्र तेच. पण फरक बघा, आणि माझ्या मते या गाण्याचा जीव या फरकात आहे. दोह्यात मार कशासाठी ते सांगितलंय, खोट काढण्यासाठी. म्हणजे मार खाणाऱ्याला समाधान आहे की हे माझ्या भल्याचं आहे. गदिमा ते समाधान देत नाहीत. ते पुढे म्हणतात 'न कळे यातून काय जोडिसी'.

आता जोडिसी. इथे जोडणे म्हणजे सांधणे नाही, तर मिळवणे, कमावणे. आजही आपण 'माणसं जोडली', 'पुण्य जोडलं' म्हणतो तो अर्थ. तुकोबांचं 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे' घ्या, धन जोडणे म्हणजे काही फेविकॉल लावणे नाही. तेव्हा अर्थ असा की बाबा रे, घडवतोस तूच फोडतोस तूच, या धंद्यात तुला मिळतं काय? हा प्रश्न कुंभाराच्या तोंडी किती खरा आहे बघा, कुठलाही धंदेवाला आपला माल आपणच फोडणार नाही. मात्र तुम्हाला सांधण्याचा अर्थ सुचला तोही कानाला जाणवतोच, फोडिसीच्या यमकाला जोडिसी आल्यामुळे. पितळेच्या भांड्याला डाग देता येतो, मडक्याला नाही. फुटलं ते फुटलं. त्यामुळे 'काय जोडिसी'मध्ये एक मुका भाव तोही येतो की फोडलेलं काही तुला जोडता येत नाही. पण सरळ अर्थ कमावणे हाच, मुलीला तो आधी सांगा.

'मुखी कुणाच्या पडते लोणी, कुणा मुखी अंगार' याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मला राहवत नाही. अंगार म्हणजे पेटता निखारा, अंगारा नव्हे, अंगारा ही राख, एका कान्याने अर्थ उलटा होतो. आणि मुख कुणाचं? माणसाचं असं आपण धरतो. पण मडक्यालाही तोंड असतंच की! एकाच मातीची, एकाच चाकावरची दोन मडकी, एक गवळणीकडे जातं त्यात लोणी पडतं, दुसरं प्रेतयात्रेत पुढे चालतं त्यात विस्तव असतो. आणि पुढच्या कडव्याची सुरुवात 'तूच घडविसी, तूच फोडिसी' अशी होते. स्मशानात पाण्याच्या मडक्याला दगडाने भोक पाडत फेऱ्या घालतात आणि शेवटी ते फोडतात, हे आपल्याकडे प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. मडकं फुटण्याचा तो एक आवाज मराठी माणसाच्या कानात कायमचा बसलेला असतो. मी माझ्या वडिलांच्या वेळी लांबून ऐकला होता, तेव्हापासून हे कडवं मला सहज म्हणता येत नाही.

उपप्रतिसाद

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. अंगार-अंगारा गोंधळ माझाही होता. आता 'वेडा'चं सांगा, मूळ प्रश्न तोच. आणि -सी वाली रूपं, देसी, घडविसी, ही जुनी मराठी का?

प्रतिसाद

हो, -सी हा द्वितीय पुरुष एकवचनाचा जुना प्रत्यय, देतोस-घडवतोस ऐवजी देसी-घडविसी. अभंगांमुळे तो आपल्या कानाला ओळखीचा. दोन गोष्टी साधतात, एक तर भाषा संतांच्या घरातली होते, आणि दुसरं म्हणजे 'तू' पक्का होतो. देवाला अहो-जाहो नाही, तू. विठोबाशी भांडायची आपल्याकडे जुनी रीत आहे, नामदेव-जनाबाईंनी त्याला काय काय सुनावलंय. तिथे राग असतो पण घरातल्या माणसावरचा. आईसुद्धा 'वेडा रे वेडा' म्हणते ना, तेव्हा ती कौतुकही करत असते आणि वैतागलेलीही असते, दोन्ही वेगळं काढता येत नाही. मुलीच्या शाळेतल्या शिव्येशी याचा संबंध नाही, पण निव्वळ लाडही नाही.

आणखी एक छटा मला दिसते, पटते का बघा. मराठीत वेडंवाकडं म्हणजे बेढब, आकार बिघडलेलं. ओळीत आधी 'मातीला आकार' आहे आणि लगेच 'वेडा'. सगळ्यांना आकार देणारा स्वतः मात्र कुठल्याच मापात बसत नाही, असं मला ते ऐकू येतं. हा माझा कान झाला, शब्दकोशातला अर्थ म्हणून सांगत नाहीये.

आणि विठ्ठलच का? जग घडवणारा कुंभार ही कल्पना जुनीच, भर्तृहरीच्या नीतिशतकात ब्रह्मदेवाला कुंभारासारखं ब्रह्मांडाच्या भांड्यात कामाला जुंपलंय असं म्हटलंय. पुराणांच्या हिशोबाने घडवणं ब्रह्मदेवाचं, फोडणं शंकराचं. इथे दोन्ही कामं विठ्ठलाच्या हातात दिलीत. ब्रह्मदेवाला कोण जाब विचारणार, त्याच्याशी आपली ओळख नाही. विठोबा घरचा. शिवाय तो उभा आहे कशावर तर विटेवर. कुंभार अख्खा आयुष्यभर जे करतो, माती भाजतो, त्या भाजल्या मातीवरच देव उभा.

याच्या एकच वर्ष आधी, १९६० च्या 'जगाच्या पाठीवर'मध्ये गदिमांनी 'एक धागा सुखाचा' लिहिलं, तिथे देव विणकरी आहे. पण तिथे ते विचारतात की ही वस्त्रं विणतो कोण, आणि ते हात कुणाला दिसलेच नाहीत असं म्हणतात. इथे मात्र नाव घेऊन हाक मारली आणि जाब विचारला. माझ्या मते 'एक धागा' जास्त लोकप्रिय असेल, पण धीट गाणं हे आहे.

प्रतिसाद

ताई, धीटवर माझी एक शंका. आमच्या भजनी मंडळात हे गाणं म्हणतात तेव्हा बुवा शेवटी सांगतात की देव अंधार देतो तो आपण नामाचा दिवा लावावा म्हणून. मला ते ऐकायला बरं वाटतं. ते चूक का?

प्रतिसाद

चूक कशाला म्हणू, कीर्तनात निरूपण करायचंच असतं आणि दुःखातल्या माणसाला त्याचा आधार होतो. पण शब्दाचा अर्थ विचाराल तर गाण्यात तो दिवा नाही. शेवटची ओळ 'देसी डोळे परि निर्मिसी तयांपुढे अंधार', इथे गाणं थांबतं. पहिल्या कडव्यात ज्याने मातीत उजेड कालवला त्यानेच शेवटी डोळ्यांपुढे अंधार ठेवला. आणि 'निर्मिसी' म्हटलंय, अंधार आपोआप पडलेला नाही, तोही घडवलेला आहे, मडक्यासारखाच. अभंगात शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' करून एक मुक्काम येतो, इथे तसं कडवंच नाही. गोरोबांचा विचार करा, नामात डोळे मिटलेले आणि पायाखाली चिखलात स्वतःचं लेकरू. संतचरित्रात पुढे ते लेकरू परत मिळतं. या गाण्यात परत काही मिळत नाही.

म्हणून बडोद्याच्या दादांच्या मुलीला मी असं सांगेन की तो मडकी का फोडतो हे गाणं म्हणणाऱ्यालाही माहीत नाही, आणि तेच तो विठोबाला विचारतोय, त्यासाठीच त्याला वेडा म्हणतोय. ती अजून डब्यांमध्ये आभाळ शोधतेय का?

उपप्रतिसाद

शोधतेय. आज विचारत होती की मडकं फुटलं तर त्यातलं आभाळ कुठे जातं.